मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायच्या खात्यांनी लॉगिन: एका पक्षीनोंदवहीचा अनुभव

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधारा घातल्यामुळे जो उथळ, गाळाचा जलाशय तयार झाला, तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याचे २०२० साली जाहीर झाले आणि तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. नाशिकमधील आम्ही पंधरा-वीस पक्षीनिरीक्षक त्याच्या बऱ्याच आधीपासून हिवाळ्यातील रविवारी पहाटे निघून निफाड तालुक्यातील त्या पाण्यावर जात आलो आहोत. कोणत्या दिवशी चक्रवाक किती दिसले, थापट्या किती, तलवार बदके किती, याच्या नोंदी आधी वह्यांत होत असत, नंतर एका स्प्रेडशीटमध्ये होऊ लागल्या आणि गेली काही वर्षे त्या मी तयार केलेल्या एका छोट्या वेब ॲप्लिकेशनमध्ये होतात. मी इंदिरानगरमधील घरातून पायथनमध्ये प्रोग्रामिंगची कामे करतो. हे ॲप्लिकेशन मात्र गटासाठी, फावल्या वेळात आणि पदरमोड करून चालवतो, त्यामुळे त्याच्या लॉगिनच्या पानाकडे मी कधी नीट लक्ष दिले नव्हते.

दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे नोंदी चढवण्याच्या नेमक्या वेळी, दोन-तीन जणांचे फोन ठरलेले असत: पासवर्ड आठवत नाही. गूगलचे बटण लावावे असे कोणी सुचवले, तेव्हा गटातील दोघा ज्येष्ठांनी त्याला स्पष्ट नकार दिला. पक्षी पाहायला जातो हे गूगलला कळवण्याचे कारण काय, असा त्यांचा सवाल होता आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. दरम्यान, २०२२ नंतर आमच्यातील बरेच जण ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर गेले होते आणि पुढे काही जणांनी ब्लूस्कायवर खाते उघडले होते. छायाचित्रे ते तेथेच टाकत. मग त्याच खात्याने नोंदवहीतही जाता यावे, अशी मागणी २०२५च्या जूनमध्ये पुढे आली आणि ‘दोन शनिवारांचे काम आहे’ असे मी बोलून गेलो. ते काम संपेपर्यंत दिवाळी होऊन गेली.

गूगलसारख्या एका कंपनीचे लॉगिन जोडताना आपण आपल्या ॲप्लिकेशनची नोंदणी एकदाच, एकाच ठिकाणी करतो. तेथून एक ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली मिळते आणि ती आयुष्यभर पुरते. मॅस्टोडॉनच्या बाबतीत असे एक ठिकाणच नाही. ते २०१६ साली सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर असून कोणीही ते आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब या ठरावीक भाषेत बोलतात. ही भाषा डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने २०१८च्या जानेवारीत शिफारस म्हणून स्वीकारली. तिचा मसुदा मी मोठ्या आशेने वाचायला घेतला, कारण लॉगिनची रीत त्यातच असणार असा माझा समज होता. प्रत्यक्षात एका सर्व्हरवरचा मजकूर दुसऱ्यावर कसा पोहोचवायचा हे ती भाषा सांगते. बाहेरच्या ॲप्लिकेशनला माणसाची ओळख कशी पटवून द्यायची, याची रीत ती घालून देत नाही. ते काम मॅस्टोडॉन २०१२ सालच्या ओऑथ २.० या जुन्या, सर्वत्र रुळलेल्या पद्धतीने करते.

कोणता माणूस कोणत्या सर्व्हरवरून येईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे नोंदणी आयत्या वेळी करावी लागते. सदस्याने लॉगिनच्या पेटीत आपला मॅस्टोडॉनचा पत्ता लिहिला की माझे ॲप्लिकेशन त्यातील डोमेनच्या, म्हणजे ‘ॲट’नंतरच्या संकेतस्थळाच्या नावाच्या, सर्व्हरकडे जाते, आपले नाव, परतीचा पत्ता आणि कोणत्या परवानग्या हव्या आहेत हे सांगते, आणि तो सर्व्हर तत्क्षणी ओळखक्रमांक व गुप्त किल्ली देतो. पुढच्या वेळी त्याच सर्व्हरवरचा दुसरा कोणी आला तर तीच नोंदणी वापरायची. हे इतके सहज झाले की पहिल्या शनिवारी दुपारीच मी स्वतःच्या खात्याने आत गेलो आणि गटात तसे कळवूनही टाकले.

त्याच रात्री गटातील एका काकांनी त्या पेटीत आपला जीमेलचा पत्ता लिहिला. त्यांची चूक म्हणता येणार नाही. मॅस्टोडॉनचा पत्ता ईमेलसारखाच दिसतो, फक्त त्याच्या आधी आणखी एक ‘ॲट’चे चिन्ह असते आणि ते चिन्ह सोडले तरी चालते असे मीच खाली लिहून ठेवले होते. माझे ॲप्लिकेशन इमानेइतबारे जीमेलच्या डोमेनकडे गेले आणि मॅस्टोडॉनचा सर्व्हर समजून त्याच्याकडे नोंदणी मागू लागले. काकांना कोरे पान दिसले आणि मला लॉगमध्ये चुकांची रांग. तेव्हापासून नोंदणी मागण्याआधी मी वेबफिंगरने विचारतो. वेबफिंगर ही २०१३ साली प्रमाण झालेली एक साधी सोय आहे: अमुक डोमेनवर अमुक नावाचे कोणी आहे का, असल्यास त्याचे खाते कोठे आहे, एवढेच तिने सांगायचे. तिचा दुसरा उपयोग मला नंतर कळला. काहींचा पत्ता एका डोमेनचा असतो आणि सर्व्हर प्रत्यक्षात त्याच्या उपडोमेनवर चालतो; अशांच्या बाबतीत पत्त्यातील डोमेनवर थेट नोंदणी मागायला गेले की ‘असे पान नाही’ एवढेच उत्तर येते.

काकांच्या प्रसंगातून मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. पेटीत जे लिहिले जाईल त्या पत्त्यावर माझा सर्व्हर मुकाट्याने जात होता. उद्या कोणी तेथे माझ्याच सर्व्हरचा आतला पत्ता लिहिला, किंवा क्लाउडवरील यंत्रे स्वतःची गुप्त माहिती ज्या १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून घेतात तो लिहिला, तर बाहेरून जेथे कोणाला पोहोचता येत नाही तेथे माझेच ॲप्लिकेशन त्याच्या वतीने दार ठोठावणार होते. म्हणून डोमेनचा आयपी पत्ता शोधल्यावर तो खासगी किंवा आतल्या जाळ्यातील नाही ना हे पाहायचे, तपासलेल्या त्याच आयपीशी जोडणी करायची, सर्व्हरने दुसरीकडे वळवले तर प्रत्येक वळणावर तीच तपासणी पुन्हा करायची, पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर नाद सोडायचा आणि ठरावीक आकाराहून मोठे उत्तर वाचायचेच नाही, एवढे सगळे लिहिण्यात जुलै गेला. लॉगिनचे बटण जोडण्याच्या सोप्या धड्यांत हा भाग क्वचित दिसतो. विकेंद्रित लॉगिनमध्ये मात्र परक्याने सांगितलेल्या पत्त्यावर जाणे हाच पहिला व्यवहार असल्यामुळे तो टाळता येत नाही.

आता त्या चुकीविषयी, जी मी पक्षीनिरीक्षक असूनही केली. लॉगिन झाल्यावर मॅस्टोडॉनचा सर्व्हर त्या माणसाच्या खात्याचा एक क्रमांक देतो आणि मी तो क्रमांक माझ्या डेटाबेसमध्ये सदस्याची ओळख म्हणून ठेवला होता, तोही पूर्णांकाच्या रकान्यात. ऑगस्टमध्ये आमच्यातील एका तरुणाने मॅस्टोडॉनशी सुसंगत अशा दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवरून लॉगिन केले. त्याचा क्रमांक अक्षरे आणि अंक मिसळलेला, सव्वीस चिन्हांचा होता आणि माझ्या रकान्यात तो मावेना. रकाना बदलताना मी मॅस्टोडॉनची कागदपत्रे पुन्हा वाचली, तेव्हा हा क्रमांक मजकूर म्हणूनच हाताळावा असे त्यांत सरळ सांगितलेले होते. आणि वाचता वाचता दुसरी, याहून वाईट गोष्ट लक्षात आली: हा क्रमांक त्या सर्व्हरपुरताच असतो. चाचणीसाठी मी दोन जुन्या, घरगुती सर्व्हरांच्या मालकांना विनंती केली. दोघेही आपापल्या सर्व्हरवरचे पहिले खातेदार, त्यामुळे दोघांचाही क्रमांक १. पहिल्या गृहस्थांनी लॉगिन केले, एक नोंद केली, बाहेर पडले. दुसऱ्यांनी लॉगिन केले आणि ते थेट पहिल्यांच्या नोंदवहीत जाऊन पोहोचले.

पक्ष्यांच्या पायात जे कडे घालतात ते ज्याने कधी दुर्बिणीतून वाचण्याची धडपड केली आहे, त्याच्याकडून ही चूक व्हायला नको होती. कड्यावर नुसता क्रमांक नसतो. ते कोणत्या संस्थेने घातले हेही कोरलेले असते, कारण मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) घातलेल्या कड्याचा क्रमांक आणि मध्य आशियात कोणी घातलेल्या कड्याचा क्रमांक योगायोगाने एकच असू शकतो. अर्धवट वाचलेले कडे कळवू नये, असे आम्ही नवख्यांना बजावतो. मी स्वतः मात्र अर्धेच कडे वाचून माणसांची नोंद करत होतो. आता माझ्याकडे मॅस्टोडॉनच्या सदस्याची ओळख सर्व्हरचे डोमेन आणि त्या सर्व्हरवरील क्रमांक अशी जोडीने ठेवली जाते, आणि डोमेन मी सर्व्हरच्या उत्तरातून उचलत नाही. ज्या डोमेनशी मी स्वतः बोललो तेच लिहितो. एखाद्या सर्व्हरने ‘हा माणूस दुसऱ्या डोमेनचा आहे’ असे सांगितले, तर त्या दुसऱ्या डोमेनला वेबफिंगरने विचारल्याशिवाय त्याचा शब्द धरायचा नाही.

परवानग्यांचा किस्सा लहान आहे, पण गटाचा विश्वास त्यावर अवलंबून होता. सुरुवातीला मी आळसाने ‘वाचन’ ही सरसकट परवानगी मागितली होती. निवृत्त शिक्षक असलेले आमचे सर, ज्यांना पासष्टाव्या वर्षी मॅस्टोडॉनची गोडी लागली, त्यांनी संमतीचे पान शेवटपर्यंत वाचले आणि मला फोन केला.

“अहो, तुमची ही नोंदवही माझी सूचनांची यादीसुद्धा वाचणार आहे का?”

“नाही सर, तसे काही करणार नाही.”

“करणार नसाल, तर मागता कशाला?”

त्या प्रश्नानंतर मी फक्त खात्याची माहिती वाचण्याची परवानगी ठेवली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅस्टोडॉन ४.३ पासून तर निव्वळ ओळख पटवण्यापुरती, ‘प्रोफाइल’ नावाची परवानगी आहे. सर्व्हर तिला ओळखतो का हे त्याच्या जाहीर माहितीपानावरून पाहायचे आणि ओळखत असेल तर तीच मागायची. यातली खोच अशी की नोंदणीच्या वेळी जी परवानगी सांगितली नाही ती नंतर मागता येत नाही, त्यामुळे जुन्या सर्व नोंदण्या टाकून नव्या कराव्या लागल्या. ओळख पटली की मिळालेले टोकन, म्हणजे त्या परवानगीचा डिजिटल पास, मी त्याच क्षणी रद्द करून टाकतो. मला त्याचे पुढे काही काम नाही.

सप्टेंबरच्या एका रविवारी कॉलेज रोडवर मिसळ खाताना चार जणांनी एकाच वेळी प्रयत्न केला आणि चौघेही परतीच्या वाटेवर अडकले: मॅस्टोडॉनने संमती घेतली, माझ्या पत्त्यावर परत पाठवले आणि माझे ॲप्लिकेशन ‘तुम्ही कोण’ असे विचारू लागले. जाताना दिलेली खूण आणि येताना आणलेली खूण जुळते का हे मी कुकीवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवरून, पाहत होतो, आणि सुरक्षिततेच्या हौसेने त्याच आठवड्यात मी त्या कुकीला सर्वांत कडक बंधन घातले होते. दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या माणसाबरोबर अशी कुकी ब्राउझर पाठवतच नाही, आणि लॉगिनहून परतणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या संकेतस्थळावरूनच येत असतो. बंधन एक पायरी सैल केले. तर्रीने हात तिखट झालेले असताना मोबाइलवरून ही दुरुस्ती करणे मात्र जमले नाही, ते घरी येऊनच केले.

ब्लूस्कायचे काम मी मुद्दाम नंतरसाठी ठेवले होते, कारण त्याची रीत अगदी निराळी आहे. तेथे ॲक्टिव्हिटीपब नसून एटी प्रोटोकॉल आहे. त्यात आधी नोंदणी करावीच लागत नाही. आपल्या ॲप्लिकेशनविषयीची माहिती एका जेसन फाइलमध्ये लिहून ती आपल्याच संकेतस्थळावर ठेवायची, आणि त्या फाइलचा पत्ता हाच आपला ओळखक्रमांक. ज्या सर्व्हरला आपल्याविषयी जाणून घ्यायचे असेल तो ती फाइल येऊन वाचतो. हजारो सर्व्हरांकडे जाऊन नोंदणी करत फिरण्यापेक्षा ही कल्पना मला फार आवडली. अडचण एवढीच झाली की माझे संकेतस्थळ मूळ डोमेनवरून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’कडे वळवण्याची जुनी सोय मी विसरलो होतो, आणि या फाइलचे उत्तर वळण न घेता थेट मिळाले पाहिजे असा नियम आहे. दोन दिवस ‘ॲप्लिकेशनची माहिती अवैध’ एवढाच निरोप येत राहिला. ब्राउझरमध्ये फाइल व्यवस्थित उघडत होती, कारण ब्राउझर वळणे निमूटपणे पार करतो.

त्याच्या सुरक्षेचे नियमही कडक आहेत. मागणीचा तपशील ब्राउझरमार्गे न पाठवता आधी सर्व्हर ते सर्व्हर जमा करायचा, आपण टाकलेल्या कोड्याचे उत्तर शेवटी आपणच द्यायचे, आणि टोकन चोरीला गेले तरी चोराच्या उपयोगाचे राहू नये म्हणून प्रत्येक मागणीबरोबर आपल्या खासगी किल्लीने सही केलेली चिठ्ठी जोडायची, अशी तीन बंधने तेथे ऐच्छिक नाहीत. शेवटच्या चिठ्ठीला डीपॉप म्हणतात. ते प्रमाण २०२३ सालचे, म्हणजे तसे ताजे आहे. त्या चिठ्ठीत सर्व्हरने दिलेला एक ताजा शब्द घालावा लागतो, पण पहिल्यांदा जाताना तो शब्द आपल्याजवळ नसतोच. म्हणून पहिली मागणी ४०० क्रमांकाची चूक घेऊन परत येते आणि त्या चुकीच्या उत्तराबरोबरच तो शब्द येतो. तो चिठ्ठीत घालून तीच मागणी पुन्हा करायची. मला हे ठाऊक नसल्यामुळे सहीच चुकत असावी असे धरून मी दोन रात्री सहीचा कोड उलटापालटा केला. सही पहिल्यापासून बरोबर होती. अधिकृत लायब्ररी टाइपस्क्रिप्टमध्ये आहे. पायथनमध्ये ब्लूस्कायच्या मंडळींनी एक नमुना ॲप्लिकेशन प्रसिद्ध केले आहे, आणि तो नमुना मी काम सुरू करण्याआधी वाचला असता तर त्या दोन रात्री झोप मिळाली असती.

आमच्या गटातील एका ताई सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात आणि थापट्या या बदकावर त्यांचा विशेष जीव आहे. त्यांनी ब्लूस्कायने दिलेले हँडल, म्हणजे खात्याचे नाव, सोडून आपल्या स्वतःच्या डोमेनचे हँडल घेतले. ब्लूस्कायवर हे अगदी सोपे आहे: डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर पत्तानोंदीत, एक ओळ घालायची की झाले. पुढच्या रविवारी त्यांनी नोंदवहीत लॉगिन केले तर आत एकही नोंद नाही. “माझे सगळे थापटे उडाले की काय?” असा त्यांचा निरोप आला. मी ब्लूस्कायच्या सदस्यांची ओळख हँडलवर ठेवली होती. मॅस्टोडॉनमध्ये ठेच लागल्यावरही मी येथे पुन्हा नावावर विसंबलो, याचे कारण एवढेच की हँडल वाचायला सोपे होते आणि खरी ओळख डोळ्यांना बोचणारी होती. ती खरी ओळख म्हणजे डीआयडी, बहुतेकांच्या बाबतीत एका ठरावीक उपसर्गापुढे चोवीस चिन्हांची निरर्थक मालिका. हँडल बदलले, मजकूर साठवणारा सर्व्हर बदलला, तरी ती मालिका तीच राहते. येथे कड्याची उपमा मॅस्टोडॉनपेक्षाही चपखल बसते: पक्षी सैबेरियात असो की आमच्या जलाशयाकाठच्या चापडगावच्या मनोऱ्यासमोर, कडे बदलत नाही. उलट हँडलच्या डोमेनची मुदत संपली आणि ते दुसऱ्या कोणी विकत घेतले, तर नवा मालक त्या हँडलचा हक्कदार होतो. माझ्या जुन्या कोडप्रमाणे त्याला ताईंच्या सहा हिवाळ्यांच्या नोंदी आयत्या मिळाल्या असत्या. अशा कोणत्या डीआयडीचा सर्व्हर सध्या कोणता हे सांगणारी निर्देशिका ब्लूस्कायनेच उभी केलेली आहे, त्यामुळे ‘विकेंद्रित’ हा शब्द तेथे मी जरा बेताने वापरतो. पण माझ्या नोंदवहीपुरती ती व्यवस्था मॅस्टोडॉनच्या व्यवस्थेपेक्षा भक्कम आहे, हे मान्य करावे लागते.

डीआयडी ठेवू लागल्यावरही एक तपासणी राहिली होती आणि या सगळ्या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ विचार केला तो तिचाच. लॉगिनच्या शेवटी सर्व्हर सांगतो की हा माणूस अमुक डीआयडीचा आहे. परंतु सर्व्हर कोणाचाही असू शकतो. एखाद्याने स्वतःचा सर्व्हर उभा करून ‘हा माणूस म्हणजे ताईच’ असे ताईंच्या डीआयडीसह सांगितले, तर तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर निर्दोषच असते, सहीसुद्धा जुळते. म्हणून मिळालेला डीआयडी घेऊन पुन्हा उलटे चालायचे: त्या डीआयडीच्या जाहीर दस्तऐवजात मजकूर साठवणारा कोणता सर्व्हर लिहिला आहे ते पाहायचे, त्या सर्व्हरने लॉगिनचा अधिकार कोणाला दिला आहे ते पाहायचे, आणि ज्याने आपल्याला आत्ता उत्तर दिले तो हाच का, हे ताडून पाहायचे. हँडलचेही तसेच, हँडल डीआयडीकडे बोट दाखवते एवढे पुरत नाही, डीआयडीच्या दस्तऐवजातही तेच हँडल असावे लागते. सरकारी कार्यालयात दाखल्यावरील शिक्का खरा आहे की नाही एवढेच न पाहता तो दाखला देण्याचा अधिकार त्या कार्यालयाला होता का हे पाहणारा एखादा चिकट कारकून असतो, तसे माझे ॲप्लिकेशन आता वागते. मी खोटा सर्व्हर उभा करून स्वतःच ताई बनण्याचा प्रयत्न केला. ही तपासणी काढून टाकली की आत जाता येत होते, ठेवली की येत नव्हते. ती चाचणी मी कोडमध्ये कायमची ठेवली आहे.

लॉगिनच्या पानावर सगळ्यांसाठी एकच पेटी असावी असा माझा हट्ट होता, तो मला सोडावा लागला. मधोमध ‘ॲट’ असेल तर मॅस्टोडॉन, नुसते टिंब असेल तर ब्लूस्काय, असा ठोकताळा मी लावला होता. पण काही जण मॅस्टोडॉनच्या सर्व्हरचे नुसते नाव लिहीत आणि ते ब्लूस्कायच्या हँडलसारखेच दिसे. आता दोन पेट्या आहेत. कॉपी करून चिकटवलेल्या हँडलबरोबर डोळ्यांना न दिसणारी, लेखनदिशा ठरवणारी चिन्हे कधीकधी येतात, ती गाळणारी एक ओळही तेथे आहे. ती का लिहिली हे विसरू नये म्हणून तिच्या वर मराठीत टिपण लिहून ठेवले आहे.

ईमेल पत्ता या दोन्ही मार्गांनी मला मिळत नाही. तो मागावा असेही वाटले नव्हते, उलट आपल्याकडे कमी माहिती आहे याचे समाधानच होते. नोव्हेंबरमध्ये, पहिली बदके येऊन टेकली त्या सुमारास, आमच्यातील एका सदस्याचा लहानसा मॅस्टोडॉन सर्व्हर कोणतीही सूचना न देता बंद पडला. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव असलेले सर्व्हर बंद करण्याआधी किमान तीन महिने कळवण्याचे वचन देतात. हा सर्व्हर त्या यादीत नव्हता. सर्व्हर नाही म्हणजे साक्षीदार नाही, आणि मॅस्टोडॉनच्या जगात डोमेनचा मालक हाच शेवटचा साक्षीदार असल्यामुळे, ईमेलही हाताशी नसताना त्या सदस्याला आत कसे घ्यायचे या प्रश्नाला माझ्या कोडमध्ये उत्तर नव्हते. त्या आठवड्यात मी प्रत्येक सदस्याला दुसरे खाते जोडण्याची सोय दिली: आधी पहिल्या खात्याने आत यायचे आणि आत असतानाच दुसऱ्याचे लॉगिन पूर्ण करायचे, म्हणजे दोन्ही खाती एकाच्याच हातात आहेत हे दिसते. नाव सारखे आहे म्हणून खाती आपोआप जोडावीत अशी सूचना आली होती, ती मी मानली नाही. सर आणि ताई यांनी त्याच दिवशी दुसरे खाते जोडून घेतले.

ज्यांचा सर्व्हर गेला त्यांना मात्र या सोयीचा उपयोग नव्हता, कारण पहिल्या खात्याने आत येणेच त्यांना शक्य नव्हते. ते आमच्याबरोबर वर्षानुवर्षे गाडीतून आलेले. त्यांना ओळखत नाही असे म्हणण्याची सोय नाही, पण फोनवरून ‘मीच तो’ असे कोणी सांगितल्यावर डेटाबेसमध्ये हात घालायचा नाही असा नियम मी स्वतःलाच घातला होता. शेवटी सरांनी तोडगा काढला. त्या सदस्याने आपल्या क्षेत्रीय वह्या घेऊन यायचे, सरांनी एकेक नोंद वहीशी ताडून पाहायची आणि जुळेल ती नव्या खात्याला जोडायला मला सांगायचे. गंगापूर रोडवरील सरांच्या घरी दोन संध्याकाळी हे काम चालले. खात्यावरच्या एक्केचाळीस नोंदींपैकी चौतीस जोडून झाल्या आहेत. उरलेल्या सात नोंदींचे पान खाणगाव थडीला एका सकाळी वही पाण्यात पडली तेव्हा भिजले आहे. शाई उतरली आहे आणि तारखा लागत नाहीत, म्हणून त्या अजून जुन्याच खात्यावर आहेत.